लाल दिव्याची पाकिटं

नायब तहसीलदार वर्षा टिळेकर सीमेवरून आलेली टपाली मतांची पाकिटं एकेक करून यंत्राखाली धरत होत्या. सैनिकाच्या दंडातली चिप अजून नाडी कळवत असेल, तर हिरवा दिवा लागे. मोजणीच्या क्षणी मतदार हयात हवा, हा नवा नियम फक्त अधिकाऱ्यांना ठाऊक होता. बातम्यांत सीमेवर शांतता होती. टेबलावर बाद पाकिटांचा ढीग वाढत होता.

सुयोग निकमच्या पाकिटाला लाल दिवा लागला.

जाळीपलीकडे उमेदवाराचे प्रतिनिधी म्हणून सुयोगचे वडीलच बसले होते. ते ताडकन उठले. "ओ मॅडम, सही त्याचीच आहे! पोराची सही मी ओळखत नाही होय? परत तपासा."

टिळेकरांनी पाकीट पुन्हा धरलं. मग तिसऱ्यांदा, जरा जास्तच वेळ. दिवा लालच राहिला.

कारणाच्या रकान्यात त्यांनी 'तांत्रिक' लिहिलं आणि कागद जाळीखालून सहीसाठी सरकवला.

निकमांनी चडफडत सही ठोकली. "एक मत फुकट घालवलं गाढवानं," ते म्हणाले. "रविवारी फोन येतो त्याचा. चांगला झापतो."