म्हसोबापर्यंतचा पूर

भीमेचा पूर ओसरल्यावर वाहून गेलेल्या झोपड्यांच्या पाहणीला दौंडहून आलेल्या साहेबांनी विचारलं, “पाणी कुठवर चढलं होतं?” खरं तर पाणी पिंपळाच्या पारापाशीच थांबलं होतं. पण पूर जेवढा मोठा तेवढी मदत मोठी, असा गेणबाचा हिशेब. त्यानं थेट टेकडीवरच्या म्हसोबाकडं बोट दाखवलं. “देवाचं पाय भिजलं, साहेब!” सगळ्या वस्तीनं माना डोलावल्या. साहेबांनी तीच पूररेषा धरली. मदतनिधीतून वस्तीला पक्की घरं मिळाली. नियमानुसार पूररेषेच्या वर, म्हणजे म्हसोबाच्याही डोक्यावर. गृहप्रवेशाच्या दिवशी नव्या ओट्यावर ऐटीत बसून गेणबानं फर्मावलं, “च्या टाक की गं!” नळ अजून टेकडी चढला नव्हता; आड खाली पिंपळापाशीच राहिला होता. कारभारणीनं रिकामा हंडा त्याच्या पुढ्यात आदळला. “हितवर पूर तुमीच आनला व्हता न्हवं? आता हंडाभर पानी बी आना.”