वळणावरचे मांगूर

“कालची कलेजी खाल्ली की नाही, काही कळलं नाही,” शिंपी म्हणाला आणि रिकामा डबा फळीवर ठेवला.

गळवाल्या मावशीने डब्यात डोकावून पाहिलं. “डबा तर साफ आहे. खाल्ली नाही तर गेली कुठे?”

“पाण्यात गेली. पुढचं दिसत नाही.”

मावशीने सुस्कारा सोडला. नवरा होता तेव्हापासून ती नदीकाठच्या या टपरीत गळ, दोरा आणि आमिष विकत आली होती. आपल्याकडचं आमिष नेऊन कोणी हात हलवत परतत नाही, ही तिची एकुलती एक फुशारकी. गुडघे गेले, गिऱ्हाईक आटलं, फुशारकी तेवढी शिल्लक होती. आणि आता हा शिंपी. नखांत खडू, बोटांना सुईची भोकं, मासेमारीतलं ओ की ठो कळत नाही. पण रोज सकाळी टपरी उघडायच्या आत हजर. आणि रोज हात हलवत परत. मावशीला त्याचा कंटाळा आला होता आणि त्याची कीवही येत होती.

“मासेच बिथरलेत,” ती म्हणाली. “त्या सरकारी मोटारबोटींनी सगळा आठवडा पाणी ढवळून काढलं. वरच्या पुलापासून नुसती घरघर. गाळ मोजतात म्हणे. गाळाचं काय लोणचं घालायचंय? काल गेल्या एकदाच्या. पीडा टळली.”

“हो,” शिंपी म्हणाला. “काल गेल्या.”

त्याने फळीवरची भांडी एकेक करून पाहिली. गांडुळं, पिठाचे गोळे, सुकटीचा चुरा, कलेजी. डोळ्यांत न झालेली झोप दिसत होती, आणि ती बऱ्याच रात्रींची असावी.

“मांगुराला यातलं सगळ्यांत चांगलं कुठलं? आज जास्त द्या. वळणावरच्या सगळ्यांना पुरेल एवढं.”

“मासे धरताय की जेवण घालताय त्यांना?” मावशी हसली.

शिंपी हसला नाही. उगाच बोलले, असं मावशीला वाटलं. मग तिने सरळच विचारलं, “एवढी धडपड कोणासाठी चाललीय?”

“मुलासाठी.”

“लहान आहे?”

“नाही हो. माझ्यापेक्षा वीतभर उंच.”

“मग त्यालाच लावा की कामाला. बाप चिखलात आणि लेक घरात, हा कुठला न्याय?”

“घरी यायचाय तो अजून,” शिंपी म्हणाला.

आता मावशीला सगळं उमगलं. तिचाही एक लेक लांब होता. तो यायचा म्हटलं की तीही अशीच चार दिवस आधीपासून घर डोक्यावर घ्यायची, आणि दोनदा तर तो आलाही नव्हता. तिचा राग मावळला. काही झालं तरी या माणसाला आज पाठवायचं ते मांगूर धरेल असंच पाठवायचं, हे तिने ठरवून टाकलं.

ती गुडघ्यावर हात देत उठली आणि मागून झाकण लावलेली बादली घेऊन आली. झाकण काढताच टपरीभर वास सुटला.

“कोंबडीची आतडी आणि कलेजी, उन्हात मुरवलेली. ही मी सहसा कोणाला देत नाही. मांगुराचे डोळे नावापुरते. सगळं काम मिशांचं. वास लागला की आलाच.”

“गढूळ पाण्यातही सापडतं त्यांना?”

“काळोखातही सापडतं. आणि नखरे अजिबात नाहीत. सडकं, कुजकं, वाट्टेल ते चालतं. एकाच्या पोटात साबणाची वडी निघाली होती.”

शिंप्याने फळीची कड घट्ट धरली. वास सोसत नसणार, म्हणून मावशीने त्याला प्यायला पाणी दिलं. वर मोठ्या गळांचं एक पाकीटही त्याच्या काठीला बांधून दिलं.

“घरात काय म्हणतात? रोज रिकाम्या हाताने जाता ते?”

“बायको दारात उभी असते. माझ्या हातांकडे बघते आणि आत जाते.”

तो बादली घेऊन गेला, तरी मावशीचं मन टपरीत रमेना. दुपारी तिने फळी आत घेतली आणि कुरकुरणाऱ्या गुडघ्यांनिशी नदीच्या वळणापर्यंत गेली. नेमकं चुकतंय कुठे, ते एकदा डोळ्यांनी पाहायचं होतं.

शिंपी गुडघाभर पाण्यात उभा होता. काठी लव्हाळ्यात पडली होती आणि गळांचं पाकीट तिला होतं तसंच बांधलेलं होतं. तो बादलीतून मूठ भरत होता आणि टाके घालावेत तशी सारख्या अंतरावर पाण्यात टाकत होता. पाण्याखाली नुसती झुंबड उडाली होती. मध्येच एखादी काळी शेपटी वर येई.

“अहो दादा, हे काय चाललंय?” मावशी वैतागून म्हणाली. “फुकट चारताय त्यांना. अशाने गळाला कोण लागणार? पोट भरलेला मांगूर दुसऱ्या कशाला तोंड लावत नाही.”

शिंप्याचा हात थांबला.

“कशालाच नाही?”

“कशालाच नाही. तळाशी सुस्त पडून राहतो. अमृत दिलंत तरी हुंगणार नाही.”

“नक्की ना, मावशी?”

“आयुष्य गेलं माझं यात.”

शिंप्याने मान हलवली. उरलेली बादली त्याने पाण्यात उपडी केली, निथळती पावलं टाकत काठावर आला आणि दगडावर बसला. इतक्या दिवसांत मावशी त्याला पहिल्यांदाच बसलेलं पाहत होती.

“बोटी काल परत गेल्या,” तो पाण्याकडे बघत म्हणाला. “पोरगा अजून खालीच आहे.”