भांडखोरांचा क्लब

ऑकलंडमधल्या आयरिश लोकांच्या गेलिक फुटबॉल क्लबात लेकीचं, इराचं नाव घालायला उत्तरा निघाली, तर सासरेही सोबत आले. भिंतीवर लावलेला क्लबाचा इतिहास त्यांनी चष्मा चढवून वाचला आणि नाक मुरडलं.

"मूठभर माणसं पोटासाठी परमुलखात आली, बासष्टला क्लब काढला, अध्यक्ष कोण यावरून भांडली आणि त्रेसष्टला दोन क्लब! साठ वर्षं हेच मिरवतायत. असल्या भांडखोरांत आपली पोर नको."

"बट आजोबा..." म्हणत इराने पोटाशी धरलेला बॉल खाली ठेवला.

उत्तराने तो उचलून पुन्हा तिच्या हातात दिला.


"बाबा, आज गणपतीच्या आरतीला जुन्या मराठी मंडळात जायचं, की तुमच्या चिरंजीवांनी भांडून काढलेल्या नव्यात?"