चार वाजायच्या आत

"नवा ग्राफिक्स ड्रायव्हर टाकलाय, आता गेम अडकणार नाही," म्हणत मी धरणाच्या कंट्रोल रूममधला लिनक्सचा कॉम्प्युटर रीस्टार्ट केला.

स्क्रीन काळीच राहिली. कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकत होती.

गोसावी मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला. "जुना परत टाक."

"तो मीच काढून टाकला, मॅडम."

चार वाजायला एकच मिनिट उरलं होतं. चारला धरणाचे दरवाजे आपोआप उघडणार होते. ते थांबवायचे किंवा आधी भोंगा वाजवायचा, दोन्ही याच स्क्रीनवरून.

मी खिडकीशी धावलो. खाली नदीत बायका नवरात्रासाठी गोधड्या धूत होत्या. मी ओरडत दोन्ही हात हलवले. एकीने वर पाहिलं आणि हसून हात हलवला.

पायाखालची फरशी थरथरू लागली.