दुसऱ्या ओव्हरचा रनआउट

"थांबव! हितंच थांबव!" पप्पू टीव्हीच्या काचेवर बोट टेकवून ओरडला. "बघा, बॅट कुठं हाय आन् बॉल कुठं हाय! फूटभर आत हाय स्वराज!"

हॉटेलातल्या आठ-दहा जणांनी एकच गलका केला. गोकुळने लॅपटॉपवर चित्र थांबवलं. तो खरं तर थर्मासात चहा भरून घ्यायला आला होता. आई शिरूरला दवाखान्यात होती, तिथं लगेच निघायचं होतं. पण परवाची फायनल यूट्यूबवर दाखवली होती ती त्याच्याच कॅमेऱ्याने. तो दिसताच सगळ्यांनी त्याला धरून बसवलं, लॅपटॉपची वायर हॉटेलच्या टीव्हीला जोडायला लावली.

फायनल अगदीच एकतर्फी झाली होती. गावाचा संघ एकेचाळीस धावांत आटोपला. पाबळच्या पोरांनी तिसऱ्या ओव्हरलाच मॅच संपवली आणि कप घेऊन नाचत गेली. तरी दोन दिवस गावात एकच विषय चालू होता. दुसऱ्या ओव्हरला स्वराजला रनआउट दिलं नसतं, तर.

"रिव्ह्यू पायजे व्हता," जयसिंगदादा म्हणाले. संघाचे टी-शर्ट त्यांनी दिलेले, मैदानावरचा मंडप त्यांचा, गावातली शाळाही त्यांच्याच संस्थेची. "फुडच्या वर्षी रिव्ह्यूबिगर टूर्नामेंट न्हाई. आन् असला अंपायर तर न्हाईच न्हाई."

तो अंपायर कोपऱ्यातल्या बाकावर चहा पीत बसला होता. हौसरावमामा. बावीस वर्षं घोड नदीकाठच्या गावागावांत त्यांनी अंपायरिंग केलं होतं. परवा ते लेग अंपायर होते. स्वराजसाठी बोट वर केलं ते त्यांनीच.

"मामा, पाबळकरांनी मॅनेज केलं का काय तुमाला?" पप्पूने विचारलं. लोक हसले.

"मोठं कर जरा," मागून कोणीतरी म्हणालं. "मामांना नीट दिसू दे."

गोकुळने चित्र मोठं केलं. बॅट क्रीजच्या आत होती, यात काही शंकाच नव्हती. मग त्याने चित्र बाजूला सरकवलं. लेग अंपायर दिसला आणि पप्पूने मांडीवर थाप मारली.

"आयला, मामा बघतच न्हाईत! पाठ हाय त्यांची!"

आता तर हसण्याचा कल्लोळ उठला. चित्रात मैदानावरचा प्रत्येक जण स्टंपांकडे बघत होता. एकटे हौसरावमामा पार मागं वळले होते. बाउंड्रीकडे, बाभळीच्या दिशेने.

गोकुळ हसला नाही. बाभळीखाली त्याची आई बसली होती, धुरपदाबाई, उकडलेल्या शेंगांची पाटी घेऊन. हीच ओव्हर संपल्यावर त्याला कॅमेऱ्याच्या मचाणाखालून कोणीतरी हाक मारली होती, तुझी आई पडली म्हणून. खुब्याचं हाड मोडलं होतं. जयसिंगदादांनी स्वतःच्या जीपमधून तिला शिरूरला नेलं. साऱ्या गावाने त्यांना नावाजलं. "मला मागनं गाडी लागली," असं आई वाटेत म्हणत होती. दवाखान्यातही म्हणाली. "आई, उन्हानं भोवळ आली तुला," असं गोकुळनेच तिला गप्प केलं होतं. डॉक्टरलाही त्याने तेच सांगितलं होतं.

"बंद कर रं ते," जयसिंगदादा म्हणाले. "झाली मॅच, संपली. म्हाताऱ्या माणसाला कशाला उगा छळायचं?"

गोकुळने बंद केलं नाही.

"मामा, तुमी तवा कुठं बघत व्हता?"

मामांनी जयसिंगदादांकडे पाहिलं. मामांची सून स्नेहल दादांच्या शाळेत शिकवत होती. अजून कायम झाली नव्हती. मग त्यांनी गोकुळकडे पाहिलं आणि कप खाली ठेवला.

"तुझी आई वरडली," ते म्हणाले. "म्हणून मी वळलो. दादा जीप मागं घेत व्हते, सावलीला लावायला. मागचा बंपर बसला तिला. मी बघतोय तवर हिकडं समदे आउट, आउट वरडायला लागले. मला काय सुधरंना. बोट वर गेलं."

"आन् दोन दिवस तुमी गप बसलात?"

"व्हय," मामा म्हणाले. "गप बसलो."

जयसिंगदादा मोबाइलमध्ये काहीतरी शोधू लागले. गोकुळने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. यातले निम्मे तरी त्या दिवशी मंडपात, बाभळीपासून हाकेच्या अंतरावर बसले होते. जीप कोणाची हे सगळ्यांना ठाऊक होतं. आता कोणीतरी दादांना विचारेल, म्हणून तो थांबला. एकाने जरी विचारलं असतं तरी त्याला पुरलं असतं.

पप्पू खाकरला. त्याने दादांकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं आणि शेवटी टीव्हीकडे वळला.

"म्हंजी," तो म्हणाला, "स्वराज नॉट आउटच व्हता."

"मग! परवाधरनं मी दुसरं काय सांगतोय?" मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, आणि सगळे पुन्हा एकदम बोलू लागले.