मेट्रनबाईंची आंघोळ

"मास्तरीणबाई, हे फळा पुसणं नव्हे!" मेट्रनबाई पलंगावरून कडाडल्या. "तोंडाचं पाणी वेगळं, पायांचं वेगळं. किती वेळा सांगू?"

शिक्षिकेने निमूटपणे दुसरी बादली ओढली. घाईत अर्धा तांब्या चादरीवर सांडला.

"झालं. आता पोहायलाच शिकव मला."

चर्चच्या दवाखान्यात तीस वर्षं राज्य केलेली ही बाई. पाण्याचा पेलासुद्धा त्यांनी कधी कुणाला भरू दिला नव्हता. आता दोन आठवडे त्या घरी अंथरुणात होत्या आणि रोज सकाळी परक्या हातांकडून अंग पुसून घेत होत्या. जीभ मात्र जिथल्या तिथे होती.

हे काम चर्चच्या पाळकांनी शिक्षिकेच्या गळ्यात घातलं होतं. तिची आई दुसऱ्या शहरात अंथरुणाला खिळून वारली. परीक्षा चालू होत्या, रजा मिळाली नाही. ही पोहोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. तेव्हापासून तिने शाळा सोडली, चर्च सोडलं, घराचं दार लावून घेतलं. शेजारीण बळेच चार घास भरवायची. असे आठ महिने गेल्यावर पाळक दारात उभे राहिले.

"मेट्रनबाई अंथरुणात आहेत. त्यांच्या तोंडाला घाबरून कुणी जात नाही. तू जाशील?"

आईचं राहून गेलं ते इथे तरी करावं, म्हणून ती आली. पण आज तिचा धीर सुटला. तिने टॉवेल खुर्चीवर टाकला.

"उद्यापासून दुसरं कुणी बघा. मला आईचंच करता आलं नाही, तुमचं काय करणार?"

मेट्रनबाईंनी पायांवरची चादर बाजूला सारली.

"पाय राहिलेत," त्या म्हणाल्या. "तेवढे धू, मग खुशाल जा."

शिक्षिकेने त्यांचे पाय मांडीवर घेतले. तळवे चांगलेच मळले होते. पडून राहिलेल्या माणसाचे पाय इतके कसे मळतात, असं तिच्या मनात येऊन गेलं. तिने बोटांच्या बेचक्या पुसल्या, टाचांना तेल चोळलं. चोळता चोळता ती आईचं आवडतं गीत गुणगुणू लागली. तिचं तिलाही कळलं नाही. मेट्रनबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. संकोचाने त्यांचे कान लाल झाले होते.

"बरे धुतलेस," त्या भिंतीलाच म्हणाल्या. "उद्या सात वाजता. उशीर चालणार नाही."

शिक्षिका डोळे पुसत हसली. "सातला येते. इथूनच पुढे शाळेत जाईन म्हणते. विचारून तरी बघते, परत घेतात का."

ती गेली, बाहेर फाटक वाजलं. मेट्रनबाईंनी उशाचा फोन उचलून पाळकांना लावला.

"आज गायली हो पोरगी. शाळेचंही नाव काढलं," त्या म्हणाल्या. "अजून पंधरा दिवस मी अंथरुणातच बरी." मग फोन कानाला तसाच धरून त्या उठल्या आणि चहा टाकायला स्वयंपाकघरात गेल्या.