अंगातलं लोखंड

“मुलीला काय काय खायला घालता, मावशी?”

डॉक्टरणीनं एवढंच विचारलं आणि चानपेंगची मान ताठ झाली. अकरा वर्षं ती या प्रश्नाची वाट बघत होती. लाओसमधल्या सावन्नाखेत शहराच्या या मोठ्या इस्पितळात पोचेपर्यंत तो तिला कुणी विचारलाच नव्हता.

“डुकराचं रक्त,” ती म्हणाली. “रोज. एक दिवस चुकवलेला नाही. उजाडायच्या आत खाटकाच्या दारात मी पहिली. पातेलं माझं, मीठ माझं. थिजलं की फोडी करायच्या नि रश्शात उकळायच्या. आठवड्यातून दोनदा कलेजी. वरून लोहाच्या गोळ्या, गावच्या दवाखान्यातल्या. मला मिळो न मिळो, हिच्या वाडग्यात कमी पडू दिलं नाही.”

“आई, पुरे,” खाटेवरची दाओ म्हणाली. “डॉक्टर, हिला थांबवा. नाहीतर डुकरांची नावंसुद्धा सांगेल.”

डॉक्टरीण हसली नाही. तिचं पेन कागदावरच थांबलं होतं.

दाओ सतरा वर्षांची. दिसायची बारा-तेराची. गालाची हाडं वर आलेली, कपाळ पुढे आलेलं, पोट डाव्या बाजूनं फुगलेलं. मनगटावर पांढऱ्या दोऱ्यांचे थर. दर आजारपणात गावच्या म्हाताऱ्यांनी बांधलेले, माणसाच्या अंगात असतात म्हणे ते बत्तीस जीव पळून जाऊ नयेत म्हणून. शाळेतली पोरं तिला माकडतोंडी म्हणायची. आणि शहाणी माणसं? गावच्या नर्सनं, तिच्यावरच्या नर्सनं, फिरत्या गाडीतून आलेल्या साहेबानं, सगळ्यांनी तिची पापणी खाली ओढून पाहिली, ‘रक्त कमी आहे’ म्हणाले आणि गोळ्यांची पुडी हातावर ठेवली. पापणी ओढायला काय लागतं? अंगठा लागतो. तिच्या रक्ताचा एक थेंब काचेवर ठेवून बघायची तसदी अकरा वर्षांत एकानंही घेतली नाही.

डॉक्टरीण खुर्ची ओढून चानपेंगच्या समोर बसली.

“हे दुखणं जन्माचं आहे, मावशी. हिचं रक्त बनतं आणि लगेच मोडतं. मग शरीर आणखी बनवायला धावतं. हाडांच्या आतला मगज वाढत जातो, हाडं फुगतात. चेहरा असा झालाय तो त्यामुळं. आणि मोडलेल्या रक्तातलं लोखंड बाहेर टाकायला शरीराकडे वाटच नाही. ते साठत राहतं. आधी यकृतात साठलं. आता हृदयात साठलंय. उतरवायचं औषध आहे, देऊ. पण उशीर झालाय.”

“लोखंड?” चानपेंग म्हणाली.

“डुकराच्या रक्तात तेच असतं. कलेजीत तेच. गोळ्यांत तर दुसरं काहीच नसतं.”

चानपेंग अडाणी होती, पण मंद नव्हती. असती तर बरं झालं असतं. तिची ताठ मान तशीच राहिली, फक्त तिच्यातला जीव गेला.

दाओनं आईकडे पाहिलं आणि घाईघाईनं उठून बसली.

“मी ते खाल्लंच नाही,” ती म्हणाली.

“काय खाल्लं नाहीस?”

“रक्त. मला वास सहन होत नाही त्याचा. आई पाठमोरी झाली की कुत्र्याला घालायची मी. गोळ्यापण त्यालाच. कसलं माजलंय आमचं कुत्रं, येऊन बघा एकदा!” ती हसली आणि हसता हसता तिला धाप लागली.

“सगळ्या गोळ्या?”

“सगळ्या.”

डॉक्टरणीनं दोघींकडे पाहिलं. मग कागद चाळले. “नुसत्या दुखण्यानं एवढं साठत नाही. तसं असेल तर हे जास्तीचं लोखंड आलं कुठून ते शोधावं लागेल. बरगडीखालून सुई घालून यकृताचा तुकडा काढायचा. हिचं रक्त नीट गोठत नाही, तेव्हा धोका आहे.”

“काढा,” दाओ म्हणाली. विचार न करता म्हणाली.

चानपेंग तिला समोर बसून खाऊ घालायची. तळ दिसेपर्यंत उठू द्यायची नाही. लहान होती तेव्हा दाओ रडायची, ओकायची. ओकली की चानपेंग दुसरा वाडगा वाढायची. मोठी झाल्यावर ती रडेनाशी झाली. नाक दाबायची, गिळायची आणि रिकामा वाडगा तिरपा करून आईला दाखवायची.

डॉक्टरीण कागदावर लिहायला लागली. चानपेंगनं तिचं मनगट धरलं.

“सुई नको. लिहा. रोज एक वाडगा. अकरा वर्षं. माझ्या हातानं.”

“आई, गप बस!” दाओ ओरडली. “डॉक्टर, हिचं ऐकू नका, हिला काही कळत नाही, ही नुसती...”

“आमच्या घरात कुत्रं नाही, बाई,” चानपेंग म्हणाली. “कधीच नव्हतं.”